बहुमताने बसवलेलं मांजर

दाढदुखी ही काही प्रेमात पडायची वेळ नव्हे. एक गाल टम्म सुजलेला, डोळ्यांत पाणी, केस कसेतरी गुंडाळलेले आणि तोंडाला लवंगेच्या तेलाचा वास... असल्या अवतारात माणूस आरशासमोरसुद्धा उभा राहत नाही. पण ठकूचं सगळंच जगावेगळं.

ठकू हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण लहानपणी मावशीने हाक मारली ती मारली, आणि घरापासून ऑफिसपर्यंत सगळ्यांनी तीच उचलली. त्या दिवशी तिचा नेहमीचा दाताचा डॉक्टर गावाला गेला होता, बाहेर पाऊस झोडपत होता आणि दाढ अशी ठणकत होती की जीव नकोसा झाला होता. समोरच्या इमारतीवर दाताचं चित्र काढलेली पाटी दिसली आणि ती निथळत्या छत्रीसकट आत शिरली.

"कधीपासून दुखतंय?" आतल्या डॉक्टरने विचारलं.

"कालपासून... म्हणजे परवापासून... म्हणजे, खरं सांगू का? महिना झाला."

"आणि महिनाभर काय केलंत?"

"दुसऱ्या बाजूने खाल्लं."

तो हसला. मास्कच्या वर चष्म्यामागचे नुसते डोळेच दिसत होते, पण ते डोळे असे काही हसले की ठकूला वाटलं, अगं बाई, आता यांच्यासमोर आ करायचा? पण करते काय! खुर्ची मागे झुकली, दिवा डोळ्यांवर आला आणि तिने आ केला. तिचे हात मात्र खुर्चीच्या दांड्यांना घट्ट चिकटले होते. ते त्याने पाहिलं. ड्रिल बाजूला ठेवलं, खिशातून पेन काढलं आणि पेशंटच्या गळ्यात बांधायच्या कागदी रुमालावर काहीतरी खरडून तो रुमाल दिव्याच्या दांडीला लटकवून दिला.

रुमालावर एक दाढ होती. हाताची घडी घातलेली, गाल फुगवलेली, रुसून बसलेली दाढ.

ठकूला हसू फुटलं. तोंड उघडं ठेवून हसता येत नाही, त्यामुळे घशातून भलताच आवाज निघाला.

"हसू नका, सुई आहे हातात," तो म्हणाला. "तुम्हाला चहा आवडतो?"

"आं."

"कॉफी?"

"आं आं."

"दोन्ही आवडतात. म्हणजे स्वभाव बरा आहे. माझी चित्रं आवडतात?"

"आं!"

"बघा, किती समजूतदार पेशंट मिळालाय आज."

दाढ भरून झाली. ठकू खुर्चीतून उठली तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं आणि उरलेल्या अर्ध्याने ती हसत होती. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा वेळ घेतली. खरं तर काही गरज नव्हती.

"तुला दात तरी किती आहेत गं?" तिसऱ्या खेपेला मावशीने विचारलं. आईवडील परगावी, म्हणून ठकू मावशीकडे राहायची, आणि मावशीच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "दर आठवड्याला एक दुखतो म्हणजे काय!"

"मावशी, दातांची काळजी घ्यावी लागते."

"दातांची की दातवाल्याची?"

ठकू लाजून चूर झाली, आणि तेव्हापासून घरात त्याचं नाव 'दातवाले' पडलं.

आता ठकू काय करायची तेही सांगायला हवं, कारण घोळ झाला तो तिथेच. ती ज्या कंपनीत होती ती चित्रं विकायची; पण त्या कंपनीत एकही चित्रकार नोकरीला नव्हता. दर महिन्याला वेबसाइटवर एक विषय जाहीर व्हायचा. कधी 'खिडकी', कधी 'उकाडा', कधी 'हरवलेल्या वस्तू'. मग कुणीही, अगदी कुणीही, घरबसल्या आपलं चित्र पाठवायचं. शाळेतल्या बाई पाठवायच्या, बसचे ड्रायव्हर पाठवायचे, तान्हं बाळ मांडीवर घेऊन एका हाताने काढलेली चित्रं आया पाठवायच्या. निवडायचं काम पुन्हा लोकांचंच. ज्याला जास्त मतं ते चित्र पहिलं. मग ते स्कार्फवर, पिशव्यांवर, पडद्यांवर छापून विकलं जायचं, आणि विक्रीतला वाटा चित्रकाराला मिळायचा.

पण छापायच्या आधी आणखी एक गंमत असायची, तिला सगळे 'सुधारणा फेरी' म्हणायचे. लोकांनी सुचवायचं — निळा कमी करा, पान मोठं करा, कोपऱ्यात पक्षी बसवा — आणि ज्या सूचनेला बहुमत मिळेल ती ठकूने आपल्या हाताने चित्रात उतरवायची. शिवाय जोडाचं कामही तिचंच. कापडावर चित्राचा एकच चौकोन शेजारी शेजारी, पुन्हा पुन्हा छापला जातो. तो असा जुळवायचा की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळताच कामा नये. चौकोनात एखादी जागा मोकळी राहिली तर सबंध कापडभर पांढरा पट्टा पडल्यासारखा दिसतो. त्यामुळे चित्र हातात आलं की ठकूची नजर आधी मोकळ्या जागेवरच जायची. इतकी वर्षं तेच केल्यावर दुसरं काय होणार?

"म्हणजे लोक सांगणार आणि तुम्ही बदलणार?" दातवाल्यांनी हे सगळं ऐकून विचारलं. तेव्हा ते दोघं दवाखान्याबाहेर पहिल्यांदाच भेटत होते. लायब्ररीसमोर एक बाक होता, हिरवा रंग उडालेला, त्यावर. हातात कागदी कपातली कॉफी आणि वरून झाडाचं पाणी टपटपत होतं.

"आमच्या मॅडम म्हणतात, हजार डोळ्यांनी पाहिलेलं चित्र कधी चुकत नाही."

"मग मी काही चित्र देणार नाही बुवा."

"का? घाबरता?"

"हो," तो म्हणाला. इतकं सरळ म्हणाला की तिला पुढे चिडवताच येईना. "मी फक्त तोंड उघडं असलेल्या माणसांसाठी चित्रं काढतो. त्यांना टीका करता येत नाही."

ठकू खळखळून हसली. मग त्याने घोड्याची गोष्ट सांगितली. त्याचे वडीलही दाताचे डॉक्टर, हाच दवाखाना. लहानपणी याने काढलेला घोडा वडिलांनी कौतुकाने बाहेरच्या खोलीत लावला. झालं! येणारा प्रत्येक पेशंट वेळ घालवायला त्यावर बोलायचा. पाय बकरीसारखे आहेत, मान आखूड आहे, शेपूट कुठे आहे. आणि हा वेडा रोज संध्याकाळी जाऊन एकेक गोष्ट सुधारत बसायचा.

"मग? झाला का चांगला घोडा?"

"शेवटी घोडाच उरला नाही," तो म्हणाला, आणि हसला.

तीही हसली. हसायला नको होतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. पण तेव्हा कॉफी गरम होती, त्याचा खांदा तिच्या खांद्यापासून बोटभर अंतरावर होता आणि तिचं लक्ष घोड्यापेक्षा त्या बोटभर अंतराकडे होतं.

बाक मग त्यांचाच झाला. तिथेच एकदा तिच्या चपलेचा अंगठा तुटला आणि त्याने दाताला बांधायच्या तारेने तो बांधून दिला. तिथेच 'तुम्ही' गळून पडलं आणि 'तू' आलं. कसं आलं, कुणी आधी म्हटलं, यावर ते दोघंही भांडायचे. समोर वजनाचं एक जुनं यंत्र होतं, त्यावर ती उभी राहिली की ते तिचं वजन हत्तीएवढं सांगायचं, आणि हा म्हणायचा, "माझा विश्वास आहे हं यंत्रावर."

"आणि तुझं वजन शेवग्याच्या शेंगेएवढं सांगतं, त्यावर?"

"त्यावरही. एका हत्तीला आणि एका शेंगेला बाक पुरतो ना? मग झालं."

असं सगळं चाललं होतं. एक गोष्ट मात्र कुणी बोलत नव्हतं. ठकू वाट बघत होती त्याने विचारायची. मनातल्या मनात तिचा होकार कधीचाच तयार होता, अगदी इस्त्री करून ठेवल्यासारखा. आणि तो... त्याची तर बोलायची वेळ आली की बोबडी वळायची. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडणारा माणूस, पण स्वतःचं काही उघडेना.

एका संध्याकाळी तो आला तो कागदाची गुंडाळी घेऊन. कान लालबुंद झालेले.

"हे... तुझ्यासाठी आहे. नीट बघ. घाई नाही. आणि मग... सांग मला."

"काय सांगू?"

"जे वाटेल ते."

"आत्ता उघडू?"

"नको नको! माझ्यासमोर नको!" आणि तो चक्क पळाला. छत्री विसरून, भर पावसात.

ठकूने घरी येऊन जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि ती बघतच राहिली. काय नव्हतं त्यात! तारेने बांधलेली चप्पल होती, टोपी घातलेली दाढ होती, वाफाळते कप होते, वजनाच्या यंत्रावर चढलेला हत्ती आणि त्याच्या सोंडेत एक शेंग होती. सगळं पानापानांतून, थेंबाथेंबांतून गुंफलेलं. रंग तर असे की नुकते धुऊन वाळत घातलेत. आणि मधोमध तो हिरवा बाक. बाकाच्या अगदी टोकाला अंग चोरून बसलेला चष्मेवाला माणूस, आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर त्याने हात टेकवलेला. तेवढी जागा रंगवलेली नव्हती. नुसता पांढरा कागद.

"हा कुणाची वाट बघतोय गं?" मावशीने मागून वाकून विचारलं.

"मावशी, ते सोड. रंग बघ! जोड बघ, आपोआप जुळतोय बघ कडांना! एवढी एक जागा तेवढी राहिलीय, पेशंट आला असेल मध्येच."

मावशीने तिच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलणार होती, पण कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली.

आता दैव म्हणा, योगायोग म्हणा — त्या महिन्याचा विषय होता 'बसायची जागा', आणि चित्रं घ्यायची मुदत त्याच दिवशी संपत होती. ठकूच्या डोक्यात वीज चमकली. घोड्याची गोष्ट आठवली तिला, नाही असं नाही. पण ती आठवली तीही उलटीच. तिला वाटलं, याची भीती अशीच जाईल! सगळं जग याचं चित्र डोक्यावर घेईल, मग कळेल याला आपण कोण आहोत ते. बिचारीचा हेतू सोन्यासारखा होता. त्याला विचारावं हे मात्र तिच्या मनात आलं नाही, कारण विचारलं तर तो नाही म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. तिने चित्राचा फोटो काढला आणि 'दातवाले' या नावाने पाठवून दिला. नाव तर मतदान संपेपर्यंत कुणालाच दिसत नसे.

दुसऱ्या दिवशी तो बाकावर तिच्या आधी येऊन बसला होता.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग...?"

"सांगते. थोडे दिवस थांब. असं सांगीन ना, की बघत राहशील!"

त्याचा चेहरा असा उजळला की तिला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं का? पण मग गंमत काय राहिली! "थांबतो," तो म्हणाला. "तू म्हणशील तितकं थांबतो."

आणि खरोखर थांबला हो. एकदाही घाई केली नाही, विषय काढला नाही. नुसता मधूनच तिच्याकडे बघायचा आणि हसायचा. त्या दिवसांइतका आनंदी माणूस ठकूने पुन्हा कधी पाहिला नाही.

इकडे चित्राने धमाल उडवली. पहिल्या दिवसापासून मतांचा पाऊस पडला आणि बघता बघता ते पहिलं आलं. मग सुधारणा फेरी सुरू झाली, आणि लोक तुटून पडले ते त्या बाकावर. 'बाक रिकामा का?' 'बिचारा एकटाच!' 'शेजारी फुलांची कुंडी ठेवा.' 'आजीबाई बसवा विणकाम करत.' आणि मग कुणीतरी लिहिलं, 'मांजर!' मांजर म्हटल्यावर काय, लोकांना कोण आनंद! 'मांजर, मांजर' करत सगळे धावले.

एकाने मात्र लिहिलं होतं, 'तिथे कुणीतरी यायचं असेल. राहू द्या तसंच.' ठकूने तेही वाचलं. क्षणभर बोट थांबलं तिचं. पण त्या सूचनेला इनमीन चार मतं होती, आणि पांढरा पट्टा पडला असता तो वेगळाच. तिने बोट पुढे सरकवलं.

मांजर तिने मन लावून काढलं. बदामी रंगाचं, गुबगुबीत, शेपटी बाकाच्या फटीतून खाली सोडलेलं. चष्मेवाल्याचा टेकवलेला हात आता मांजराच्या पाठीवर आला. इतकं गोजिरं मांजर तिने जन्मात काढलं नव्हतं. काढताना ती गाणं गुणगुणत होती.

"उद्या ऑफिसात ये," तिने त्याला फोन केला. "तिथेच सांगते."

"ऑफिसात? सगळ्यांसमोर?" त्याचा आवाज कापला, पण आनंदाने. "येतो."

तो आला. नव्या शर्टाची घडी मोडून, केस पाण्याने चापून बसवून आला. दार उघडलं आणि सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मॅडम पुढे झाल्या, "या या, दातवाले! या महिन्याचे विजेते!" आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चित्र उजळलं.

तो बघत राहिला. हत्तीकडे नाही, दाढेकडे नाही. बाकाकडे.

"मांजर," तो म्हणाला.

"बहुमताने बसवलंय!" मॅडम कौतुकाने म्हणाल्या. "आधी तिथे केवढी मोकळी जागा होती. आमच्या ठकूने काय सुरेख भरली बघा!"

"हो. सुरेख आहे." टाळ्या अजून चालूच होत्या. "सही कुठे करायची?"

छापायची परवानगी म्हणून सही लागायची. ती त्याने केली, सगळ्यांशी हात मिळवले, 'आभारी आहे' म्हणाला. ठकूला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ती त्याच्या मागोमाग जिन्यात धावली.

"अरे, थांब ना! आवडलं नाही तुला? रागावलास?"

तो दोन पायऱ्या खाली उभा होता. त्याने वर पाहिलं.

"ती जागा तुझी होती, ठकू."

"कुठली जागा?"

त्याने शेजारच्या कठड्यावर हात टेकवला. आणि मग तिला कळलं. टेकवलेला हात, न रंगवलेला कागद, 'नीट बघ', 'मग सांग', मावशीचा प्रश्न, सगळं एकदम कळलं. पायाखालची पायरीच निसटल्यासारखं झालं तिला.

"तोंडाने विचारता येईना, म्हणून काढलं," तो म्हणाला. "तू थांब म्हणालीस, मला वाटलं, तू स्वतःला काढशील तिथे. चांगलं वाईट, कसंही."

"मला दिसलंच नाही रे... मी पाहिलं, पण... कामासारखं पाहिलं."

"तू सगळ्यांना विचारलंस, तिथे काय हवं. मला नाही विचारलंस."

"मग सही का केलीस? नाही म्हणायचंस! फाडून टाकायचास तो कागद!"

"तुझा चेहरा इतका आनंदात होता," तो म्हणाला. "नाही कसं म्हणणार?"

आणि तो उतरून गेला.

त्याच पावली त्याच्या मागे जायला हवं होतं तिने. रस्त्यात गाठायला हवं होतं, हात धरून सांगायला हवं होतं. पण ठकूला स्वतःचीच इतकी शरम वाटली की तोंड दाखवायची हिंमत होईना. तिने फोन केला, तो म्हणाला, "पेशंट आहे आत." पुन्हा केला, पुन्हा पेशंट. बाकाकडे ती रोज लांबून बघून यायची. तिथे कधी शाळेची मुलं असायची, कधी पेपर वाचणारे आजोबा. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता चित्र छापून बाजारात आलं, आणि दुकानांतून हातोहात उडू लागलं.

"जा की गं," मावशी म्हणाली. "तोंड उघडायचं काम त्याचं होतं, त्याने केलं आपल्या परीने. आता तुझी पाळी आहे."

गेली ती शेवटी. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत दोन बायका बसल्या होत्या, आणि दोघींपैकी एकीच्या गळ्यात त्याच चित्राचा स्कार्फ होता. आतून एक लहान मुलगी आईचा हात धरून बाहेर आली.

"आई, डॉक्टरकाकांनी आज पण चित्र नाही काढलं."

"असू दे गं, कामात असतील."

ठकू उभीच राहिली. त्याने दारातून तिला पाहिलं, त्या बायकांना "पाचच मिनिटं हं," म्हणाला, आणि तिला आत घेतलं. मास्क काढून तो स्टुलावर बसला. डोळे तेच होते, पण दमलेले.

ठरवून आणलेलं सगळं भाषण ती विसरली. "माझं हो आहे," ती म्हणाली. "तेव्हाही होच होतं. तू विचारायच्या आधीपासून हो होतं. तुझ्यावर माझा इतका जीव आहे रे... मला माफ कर. मी मूर्ख आहे."

"मूर्ख नाहीस," तो म्हणाला. "आणि हो आहे, हे मला माहीत आहे. त्या दिवशी जिन्यातच कळलं."

"मग?"

त्याने हातातला मास्क ट्रेमध्ये ठेवला.

"मी रागावलेलो नाहीये, ठकू. राग असता तर गेला असता. येणारा प्रत्येक पेशंट तो स्कार्फ दाखवतो. चांगलं बोलतात सगळे. पुढच्या वेळी कुत्रा काढा म्हणतात. आणि मी पेन हातात घेतलं, की मला नुसता मोकळा कोपरा दिसतो. वाटतं, इथे काय हवं म्हणतील? हात पुढेच जात नाही." तो थांबला. "एक तूच होतीस, जिच्यासमोर ही भीती नव्हती. आता तुझ्यासमोरच सगळ्यात जास्त वाटते."

"मी नाही बघणार," ती घाईघाईने म्हणाली. डोळे भरून वाहत होते आणि तिला त्याचं भान नव्हतं. "तू काढ. मी डोळे मिटून घेईन, एक अक्षर बोलणार नाही, कधीच..."

"मग काढू कुणासाठी?"

खिडकीबाहेर पाऊस बारीक झाला होता. त्याने एक स्वच्छ रुमाल काढून तिच्या हातात दिला. कोरा होता तो. तिने डोळे पुसले.

"मी थांबते," ती म्हणाली. "कितीही दिवस."

"नको," तो हळूच म्हणाला. "थांबणं फार छान वाटतं गं, मी थांबलोय ना. म्हणूनच नको."

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो उठला, दार उघडून धरलं आणि बाहेरच्या बायकांच्या देखत म्हणाला, "काही त्रास झाला तर या हं." ती 'बरं' म्हणाली आणि निघाली.

पुढे ऑफिसात मॅडमनी तेच चित्र नव्या रंगात आणायचं ठरवलं. ठकूने स्पष्ट नाही म्हणून सांगितलं, मॅडम चिडल्या, मग ते काम दुसऱ्या कुणी केलं. तिने खूप प्रयत्न केला ते चित्र बंद करायचा. पण सही त्याची होती, मतं लोकांची होती आणि तिचं त्यात होतं ते फक्त मांजर.

एके दिवशी संध्याकाळी ती बसच्या थांब्यावर उभी होती. शेजारी एक वयस्कर बाई, खांद्यावर त्याच चित्राची पिशवी. ठकूची नजर पिशवीवर खिळलेली बघून बाईंनी ती कौतुकाने पुढे धरली.

"छान आहे ना? माझ्या सुनेने दिली. हे मांजर बघा, कसं ऐटीत बसलंय!"

"हो," ठकू म्हणाली.

"कुणी काढलं असेल हो एवढं सगळं? चप्पल काय, हत्ती काय! डोकं बघा माणसाचं!"

इतके दिवस ठकूने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मावशी काय ते ओळखून होती, तेवढंच. पण त्या अनोळखी बाईंचा चेहरा इतका प्रेमळ होता की तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"मांजर मी काढलंय. बाकीचं... बाकीचं एकाने माझ्यासाठी काढलं होतं."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना ते खरं वाटलं की नाही, कोण जाणे. मग त्या हसल्या आणि तिच्या दंडावर हलकेच थोपटत म्हणाल्या, "मग बाई, तुम्ही फार नशीबवान."

"होते," ठकू म्हणाली.

बस आली, आणि दोघी चढल्या.